ताऱ्याचे वय कसे ओळखावे?

श्रोतेहो, बैलबाजारात तुम्ही पुष्कळदा गेला असाल. विकणारा सांगतो, "बैल चार वर्षांचा आहे, देवाशपथ." घेणारा मान डोलावतो आणि सरळ बैलाचा ओठ वर करून दात बघतो. दुधाचे दात असले तर आदत. दोन मोठे दात आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळलेला. इथवर हिशेब सोपा. पण बैल एकदा जुळला की पुढे पंचाईत होते. सहा वर्षांचा की नऊ वर्षांचा, हे दात सांगत नाहीत. मग दातांची झीज, शिंगांवरची वळी, चालण्याची ढब, असे चार पुरावे गोळा करून अंदाज बांधावा लागतो, आणि दोन जाणत्यांचे अंदाज दोन निघतात.

आज मी तुमच्याशी ताऱ्यांच्या वयाविषयी बोलणार आहे. प्रारंभी बैलाची गोष्ट काढली याचे कारण असे की, ज्योतिर्विदांची पंचाईत नेमकी हीच आहे. तारा जन्मतो तेव्हा ओळखू येतो, मरायला टेकतो तेव्हाही ओळखू येतो. पण मधला जो त्याचा संसाराचा काळ, आणि तोच सगळ्यांत लांबलचक, त्या काळात तो फारसा बदलतच नाही. आपला सूर्यच पाहा. गेल्या सुमारे साडेचारशे कोटी वर्षांत त्याचे तेज फार तर तीस-चाळीस टक्क्यांनी वाढले असेल. शंभर वर्षे जगणाऱ्या माणसाने त्यातले काय पाहावे?

सूर्याचे वय मात्र आपल्याला चांगले ठाऊक आहे, आणि ते सूर्याकडे बघून कळलेले नाही. आकाशातून अशनी पडतात, म्हणजे दगड. सूर्यमाला तयार झाली त्याच काळातले ते दगड आहेत. त्यांत युरेनियम असते, त्याचे ठराविक गतीने शिसे होते. किती युरेनियम उरले आणि किती शिसे झाले, यावरून दगडाचे वय निघते. ते आले ४५६ कोटी वर्षांच्या थोडे पुढे. सूर्याच्या घरची जन्मपत्रिका आपल्या अंगणात पडली म्हणून हे जमले. दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याच्या घरचा दगड असा हाती येत नाही.

दगडांचा पुरावा हाती येण्यापूर्वी मोठमोठी माणसेही चुकली. ब्रिटनमधले लॉर्ड केल्व्हिन म्हणजे पदार्थविज्ञानातले केवढे नाव! त्यांनी १८६२ साली गणित मांडले की, सूर्य आकुंचन पावतो, त्यातून उष्णता निघते, आणि या हिशेबाने तो दहा कोटी वर्षांहून अधिक काळ तळपत असणे बहुधा शक्य नाही. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत, अहो, नुसते खडक झिजायलाच याहून जास्त वेळ लागतो! केल्व्हिन यांच्या बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होऊन उष्णता निघते ही गोष्टच तेव्हा कोणाला माहीत नव्हती. ते कोडे १९३०-४०च्या दशकात उलगडले, आणि १९३९ साली हान्स बेथे यांनी त्याचा तपशीलवार हिशेब दिला.

आता ताऱ्यांकडे वळू. एकट्या ताऱ्याचे वय सांगणे कठीण. पण ताऱ्यांचा जर एक गुच्छ असेल, तर काम सोपे होते. कसे ते सांगतो. दिवाळीत तुमच्या ओट्यावर वीस पणत्या एकाच वेळी लावल्या आहेत असे समजा. काही पणत्या लहान, वाती बारीक. काही मोठ्या, त्यांत तेल जास्त, पण वाती मात्र भल्या जाड. तेल दुप्पट पण वात दहापट जाड, म्हणून मोठी पणती भडाभडा जळते आणि आधी विझते. रात्री उशिरा कोणी पाहुणा आला, त्याने कोणत्या मापाच्या पणत्या विझल्या आणि कोणत्या अजून तेवताहेत एवढे पाहिले, तरी दिवे केव्हा लावले हे त्याला सांगता येईल. घड्याळ नको.

ताऱ्यांचेही तसेच. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा तारा दहा-पंधरा पट प्रकाश उधळतो. दुप्पट मिळकत आणि दहा-पंधरा पट खर्च, मग संसार किती दिवस टिकणार? सूर्याला एकूण सुमारे हजार कोटी वर्षे पुरेल एवढे इंधन आहे; त्या दुप्पट ताऱ्याचे आयुष्य त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भरते. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा तर दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी घ्या. तो अजून एक कोटी वर्षांचाही नसावा असा अंदाज आहे, आणि तरी म्हातारा झाला आहे. आकाशात लालबुंद थोराड दिसतो तो वयाने मोठा, असे समजू नये.

अशा गुच्छाचा आलेख कसा काढतात तेही ऐका. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. ताऱ्याचा रंग म्हणजे त्याची उष्णता. तेव्हा कागदावर आडव्या रेषेवर रंग मांडायचा, उभ्या रेषेवर तेज. प्रत्येक ताऱ्याला एक टिंब. डेन्मार्कच्या एज्नार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ साली असे आलेख प्रसिद्ध केले, आणि ते कोणत्या ताऱ्यांचे होते ठाऊक आहे? आपल्या कृत्तिकांचे आणि रोहिणीजवळच्या गुच्छाचे! पुढे अमेरिकेत हेन्री नॉरिस रसेल यांनी तशाच तऱ्हेचा आलेख मांडला, आणि आज तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. बहुतेक टिंबे एका तिरप्या पट्ट्यात येतात. वरच्या टोकाला मोठे, निळे, उधळे तारे. खालच्या टोकाला लहान, तांबडे, काटकसरी. गुच्छाचे वय वाढते तसा हा पट्टा वरून झिजत येतो, आणि जिथे तो उजवीकडे वळतो ते ठिकाण वय सांगते. कृत्तिका सुमारे बारा कोटी वर्षांच्या निघतात. रोहिणीजवळचा गुच्छ साठ ते सत्तर कोटींच्या घरात.

इथे एक गंमत सांगून टाकतो. रोहिणीचा शकट म्हणून जी इंग्रजी व्ही अक्षरासारखी आकृती दिसते, तीत सर्वांत ठळक दिसणारा लाल रोहिणी तारा त्या कुटुंबातला नव्हेच. गुच्छ दीडशे प्रकाशवर्षांवर आहे, रोहिणी पासष्टावर. वाटेत उभा राहिलेला पाहुणा फोटोत यावा, तसा तो आला आहे.

आता माझ्या वर्गातली हकीकत. मी गणितात एम. ए. केले आणि एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गाला गणित शिकवतो. दुर्बीण आमच्याकडे नाही. पण हल्ली या कामाला दुर्बीण लागतेच असे नाही. युरोपने २०१३च्या डिसेंबरात 'गाया' नावाचे यान पाठवले. २०२५च्या जानेवारीपर्यंत ते ताऱ्यांची अंतरे, रंग, तेज आणि हालचाल मोजत होते. २०२२ साली त्याची जी यादी प्रसिद्ध झाली तीत सुमारे १८० कोटी तारे आहेत, आणि ती कोणालाही फुकट मिळते. ज्या आकड्यांवर परदेशातले प्राध्यापक शोधनिबंध लिहितात, तेच आकडे आमच्या बी. एस्सी.च्या पोरांना कॉलेजच्या संगणकावर मिळतात. माझ्या विद्यार्थीदशेत हे स्वप्नातही आले नसते.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आणि तिच्या वर्गबंधूने कृत्तिकांचे वय काढायचे ठरवले. मुलगी शेतकऱ्याच्या घरची, रोज एस. टी.ने येणारी. दोघांनी नेटाने काम केले. त्या दिशेला दिसणाऱ्या हजारो ताऱ्यांतून कृत्तिकांचे खरे सोबती कोणते ते निवडायचे. एकाच अंतरावर असलेले आणि एकाच दिशेला, एकाच वेगाने चाललेले. यात्रेच्या गर्दीतून एका गावची दिंडी ओळखावी तसे. बाराशेच्या आसपास तारे हाती लागले. मग आलेख काढला. इटलीत पादुआच्या ज्योतिर्विदांनी निरनिराळ्या वयांसाठी गणिताने काढलेल्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या आहेत, त्या या आलेखावर ठेवून पाहिल्या. कोणती रेषा नीट बसते? तीस कोटी वर्षांची बसली.

तीस कोटी! पुस्तकात बारा. मी म्हणालो, ठीक आहे, विद्यार्थ्यांच्या कामात एवढा फरक यायचाच, आणि अहवालावर सही केली. त्या अहवालाला एका स्पर्धेत दुसरे बक्षीसही मिळाले. परीक्षकांनी आलेखाची सुबकता वाखाणली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी गेली. कार्तिकात कृत्तिका संध्याकाळीच पूर्वेला उगवतात. कार्तिकाचे नावच मुळी त्यांच्यावरून पडले. गच्चीवर झोपलेल्या तिच्या आजीने विचारले, "तू त्या पुंजक्याचा अभ्यास करतेस म्हणे, मग यातली मोठी कोणती?" मुलीने बोट दाखवले, नाव सांगितले, आणि सकाळी उठून यादीत त्या ताऱ्याचा आकडा शोधू लागली. तो यादीत नव्हता. दुसरा शोधला, तोही नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणारे सहा-सात तारे, ज्यांना आपण कृत्तिका म्हणतो, त्यांतला एकही आमच्या बाराशेंत नव्हता!

याचे कारण मीच होतो. मी त्यांना नियम घालून दिला होता की, ज्या ताऱ्याच्या मोजमापात चूक ठराविक मर्यादेपेक्षा जास्त, तो गाळायचा. नियम ऐकायला शहाणपणाचा. पण फार तेजस्वी ताऱ्यांनी गायाचे डोळे दिपतात. समोरून मोटारीचा दिवा आला की आपल्याला गाडीचा नंबर वाचता येत नाही, तसे. त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांची मोजमापे तितकी चोख नसतात. माझ्या चाळणीने नेमके तेच गाळले. मोठ्या पणत्या आम्हीच उचलून बाजूला ठेवल्या आणि मग म्हणालो, मोठ्या विझल्या, म्हणजे बरीच रात्र झाली असली पाहिजे!

मुलगी सुट्टी संपल्यावर माझ्याकडे आली. वही उघडून दाखवली आणि म्हणाली, "सर, बक्षीस परत करायला हवं." मी काय म्हणालो ते तुम्हाला सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. मी म्हणालो, "आता झालं ते झालं. पुढच्या वर्षी दुरुस्त करू." ती काही बोलली नाही. उभी राहिली. दहावी-बारावीच्या वर्गाला शिकवणारे जे माझे शिक्षकबंधू हे ऐकत असतील, त्यांना ते उभे राहणे काय असते ते ठाऊक असेल. या गोष्टीकडे मी पुन्हा येतो.

गुच्छातल्या ताऱ्यांचे असे. पण बहुतेक तारे आपल्या सूर्यासारखे एकटेच असतात. त्यांचे काय? त्यासाठी बैलाच्या शिंगांची वळी मोजावी तशा खुणा शोधाव्या लागतात. एक खूण आहे ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याची. भोवरा सुरुवातीला गरगर फिरतो आणि मंद होत जातो, तसे सूर्यासारखे तारे तरुणपणी वेगाने फिरतात. त्यांच्यापासून सतत वारा वाहत असतो, तो चुंबकत्वाच्या जोरावर त्यांचा वेग हळूहळू खातो. कृत्तिकांमधले सूर्यासारखे तारे चार-पाच दिवसांत एक फेरा करतात, रोहिणीजवळच्या गुच्छातले आठ-नऊ दिवसांत, आणि आपल्या सूर्याला सुमारे पंचवीस दिवस लागतात. १९७२ साली अँड्र्यू स्कुमानिच यांनी दाखवले की, हा वेग वयाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतो. म्हणजे वय चौपट झाले की फेऱ्याला दुप्पट वेळ. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे: सूर्यासारखाच एक तारा साडेबारा दिवसांत फेरा करतो, तर त्याचे वय किती? वेळ निम्मा, म्हणून वय पाव. ४५६ चा चौथा हिस्सा, ११४ कोटी वर्षे. आठवीतली पोरे सोडवतील.

फिरणे दिसते कसे? सूर्यावर डाग असतात तसे त्या ताऱ्यांवरही असतात. डाग समोर आला की प्रकाश किंचित कमी होतो, मागे गेला की वाढतो. अमेरिकेच्या 'केप्लर' यानाने २००९ ते २०१८ या काळात असे लाखो तारे न्याहाळले, आणि २०१८ साली सोडलेल्या 'टेस' यानाने पुढे तेच काम उचलले. हेही आकडे सर्वांना खुले आहेत.

दुसरी खूण लिथियम या धातूची. पंचवीस लाख अंशांच्या आसपास तो जळून जातो. तारा पोटातले आणि वरचे द्रव्य ढवळत असेल, तर त्याच्या अंगावरचे लिथियम हळूहळू संपते. वर्णपटात लिथियमची रेषा ठळक असली तर तारा लहान. तिसरी खूण विझलेल्या ताऱ्यांची. सूर्यासारखा तारा मेला की त्याचा आतला निखारा उरतो, त्याला श्वेतबटू म्हणतात. तो थंड होत जातो, आणि किती थंड झाला यावरून केव्हा विझला ते कळते. चूल चाचपून गडी केव्हा जेवून गेला हे घरधनीण ओळखते, त्यातलाच प्रकार. या श्वेतबटूंच्या वजनाला मर्यादा आहे हे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० साली विलायतेला जाताना बोटीवर केले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते नुकतेच पदवी घेऊन निघाले होते, वय एकोणीस. पदवीचे विद्यार्थी काय संशोधन करणार असे म्हणणाऱ्यांना मी हे एक नाव सांगतो आणि गप्प बसतो.

पण या खुणांनाही भरवसा मर्यादितच. २०१६ साली काही संशोधकांनी दाखवले की, तारा मध्यमवयाच्या पुढे गेला की त्याचा वेग मंदावणे बहुधा थबकते. म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांसाठी ही वळी कामाची नाहीत. बैल जुळल्यानंतरची अडचण पुन्हा समोर आलीच. आणि अंतरात चूक झाली तर सगळेच गणित ढासळते. खुद्द कृत्तिकांच्या अंतरावरून वीस वर्षे वाद चालला होता. १९९७ साली 'हिप्पार्कस' यानाने ते सुमारे ३८५ प्रकाशवर्षे ठरवले, इतर रीतींनी चारशेतीसच्या पुढे येत होते. यानाचे मोजमाप मोठे मानाचे, त्याला खोटे कोणी म्हणावे? अखेर २०१४ साली रेडिओ दुर्बिणींनी आणि नंतर गायाने ते चारशेचाळीसच्या जवळपास आणून ठेवले. चूक यानाची निघाली.

आणखी एक मौजेची हकीकत. तूळ राशीत सुमारे दोनशे प्रकाशवर्षांवर एक फार जुना तारा आहे. २०१३ साली हबल दुर्बिणीच्या साहाय्याने त्याचे वय १४४६ कोटी वर्षे काढले गेले. पण सगळ्या विश्वाचेच वय १३८० कोटी! मुलगा बापापेक्षा मोठा? वर्तमानपत्रांनी मथळे दिले. त्या शोधनिबंधात मात्र पुढे स्पष्ट लिहिले होते की, हा आकडा ८० कोटींनी इकडे-तिकडे होऊ शकतो. १४४६ मधून ८० वजा केले की १३६६ राहतात, आणि कोडे बरेचसे सुटते. नंतरच्या मोजमापांत वय आणखी खालीही आले आहे. 'इकडे-तिकडे' एवढा भाग मथळ्यात मावला नाही, इतकेच.

आमच्या अहवालातही तो भाग नव्हता. नुसते 'तीस कोटी वर्षे' असे ठसठशीत लिहिले होते, खाली माझी सही.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलीला आणि तिच्या वर्गबंधूला बोलावून घेतले. मुलाचे म्हणणे निराळे होते. बक्षिसाचे प्रमाणपत्र त्याला पुढे नोकरीच्या अर्जाला जोडायचे होते, आणि त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. त्याला दोष देणे मला जमले नाही. शेवटी आम्ही तिघांनी मिळून एक पत्र लिहिले. गाळण्याचा नियम माझा होता, त्यामुळे चूक कोठे झाली, हे मी माझ्या नावावर लिहिले. दुरुस्त आलेख सोबत जोडला. ठळक ताऱ्यांची मोजमापे हिप्पार्कसच्या जुन्या यादीतून घेतली होती. त्या यानाचे कृत्तिकांचे अंतर जरी चुकले, तरी एकेका ताऱ्याचे तेज आणि रंग त्याने चांगले मोजले आहेत; अंतर आम्ही गायाचे घेतले. आता रेषा बसली ती दहा आणि पंधरा कोटींच्या मध्ये, आणि या वेळी आकडा तसाच लिहिला, दोन्ही टोकांसह. पत्राला दोन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: पत्र मिळाले, निकालात बदल नाही. मुलाने प्रमाणपत्र ठेवले. मुलीने तिचे माझ्या कपाटात ठेवायला दिले, ते अजून तेथेच आहे.

सध्या ती टेस यानाचे आकडे घेऊन रोहिणीजवळच्या गुच्छातल्या सूर्यासारख्या ताऱ्यांच्या फेऱ्या मोजते आहे. टेस आकाशाच्या एका भागाकडे एका वेळी सत्तावीस दिवसच बघते, म्हणून आठ-नऊ दिवसांचा फेरा असला तर जेमतेम तीन फेरे हाती लागतात. पहिल्या ताऱ्याचा आलेख तिने गेल्या आठवड्यात आणला. फेरा साडेआठ दिवसांच्या आसपास दिसतो. मी सही करण्यापूर्वी विचारले, "हा तारा तू आकाशात पाहिलास का?" ती म्हणाली, "सर, हा डोळ्यांना दिसत नाही. पण शेजारचा पाहून आले."